देव्हाऱ्यातली फिल्म

मी फिल्म बोलतेय. आठ मिलिमीटर रुंद, पन्नास फूट लांब, चालले तर चार मिनिटांचा जीव. सिनेमाची नव्हे, घरगुती. माझ्यात नट नाही, नटी नाही, आवाजसुद्धा नाही. धुळ्याला लोटनभाऊंच्या खोलीत कपाटाच्या दुसऱ्या खणात मी पडून असते. माझे तुकडे झालेत, अंगाला शिरक्यासारखा आंबट वास येतो. खरं तर बोलायचाही कंटाळा आलाय. पण माझ्यासारख्या कितीतरी जणी घरोघरी सडतायत आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘जपून ठेवलंय हो’ म्हणून मिरवतायत. त्यांच्यासाठी एकदाच सांगते.

माझा जन्म त्र्याहत्तर सालच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. अमळनेरच्या कापूस दलालाच्या मुलाने, रुपचंदने, नवा कॅमेरा घेतला होता आणि तो दहा जणांना दाखवल्याशिवाय त्याला घास उतरत नव्हता. रावेरकडे केळीच्या बागा असलेले तोताराम आबा त्याच्या वडिलांचे स्नेही. आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके टांगतात. आबांची एकुलती लेक पुष्पाबाई कडेवर सहा महिन्यांची सुनंदा घेऊन आली होती. रुपचंदने पुष्पाबाईला झोक्यावर बसवलं आणि मी सुरू झाले.

मला मुंबईला धुवायला पाठवलं. महिन्याभराने मी परत आले तेव्हा आबांच्या अंगणात दोन बल्ल्यांना पांढरं धोतर बांधून रुपचंदने मला चालवलं. गल्ली लोटली होती. पुष्पाबाई मात्र सासरी निघून गेली होती. तिने स्वतःला कधी पाहिलंच नाही.

पुढच्या आखाजीला ती आली ती पिवळे डोळे घेऊन. तिची आई, भिकुबाई अक्का, म्हणाल्या की जळगावला मोठ्या डॉक्टरकडे न्या. आबांनी ऐकलं नाही. घरात सण, पितरांची घागर भरायची, आणि शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा असताना डॉक्टर कशाला? त्या माणसाने तिचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळे खूश झाले. गळ्यात मुळ्यांची माळ घातली. माळ लांबत गेली आणि पुष्पाबाई आटत गेली. जळगावच्या गाडीत बसवलं तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती.

तेराव्याला रुपचंद आला. मला आबांच्या हातात देऊन म्हणाला, यात ताई आहेत, तुमच्याकडेच राहू द्या.

इथून माझे हाल सुरू झाले. आबांनी मला देव्हाऱ्यात ठेवलं. त्या घरात गेलेल्या माणसाचे चांदीचे टाक करून पूजतात. आबा म्हणाले, टाक कशाला, ही तर अख्खी पुष्पाच आहे. म्हणून दर आखाजीला घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या ठेवल्या की टाकांच्या ओळीत माझी रवानगी तबकात. देवांना डबीतून आंघोळ घालतात का? नाही. मग मला डबीतून काढायचं. दूध, पाणी, वर हळदकुंकू, तेलाच्या दिव्याची काजळी. पदराने पुसायचं, तशीच ओली डबीत घालायची, कापूर टाकायचा आणि हवा लागू नये म्हणून झाकणाला मेण लावायचं. फिल्मवरचं चित्र सरसासारख्या थरात असतं. पाण्याने तो थर फुगतो. आणि कोंडलेली फिल्म स्वतःच्याच वाफेने आंबते. हे त्यांना माहीत नव्हतं, मान्य. पण वीस वर्षांत एकदाही कोणाला वाटलं नाही की हिला चालवून बघावं. चालवलं असतं तर पुष्पाबाई हसताना दिसली असती, आणि हसणाऱ्या लेकीपुढे बसायची आबांची छाती नव्हती. हात जोडणं सोपं. डोळे मिटून जोडता येतात.

सुनंदा सावत्र आईच्या हाताखाली वाढली. आईचा म्हणून तिच्याकडे एकच फोटो, लग्नातला, त्यात पदर नाकापर्यंत. लग्न होऊन ती धुळ्याला आली आणि तिथे तिला लोटनभाऊ भेटले. हा माणूस पूर्वी तंबूच्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचा. तंबू गुंडाळले गेले तेव्हापासून खांद्याला पिशवी अडकवून अमळनेर, पाचोरा, शिरपूर फिरतो, घरोघरी जुन्या फिल्मा मागतो. लोक भंगारवाला समजून दार लावतात. सुनंदाने त्याला विचारलं, इतक्या जुन्या फिल्ममधलं माणूस अजून दिसतं का? तो म्हणाला, वेळेत आणलं तर दिसतं.

त्र्याण्णवच्या आखाजीला सुनंदा आजोळी आली. मी तबकात होते, दूध अजून निथळत होतं. तिने मला मागितलं.

आबा म्हणाले, “देव घराबाहेर काढत नाही, बाई.”

“मले तिले पाहाचं हाये, आबा. एकदा.”

“पाहून काय करशीन? पाह्यल्यानं मानूस वापस येते का?”

“वीस वर्सं पूजा करून आली का?”

गडी, पाहुणे, पंगतीला बसलेली चार माणसं, सगळ्यांचे हात ताटात थांबले. नातीने असं बोलावं? एक काका संस्कारांवर बोलू लागले. याच काकांनी त्या कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला होता.

भिकुबाई अक्का उठल्या. त्यांनी मला पदरात घेतलं, पुसलं, डबीत घातलं आणि डबी सुनंदाच्या ओटीत ठेवली.

“माह्या पोटची होती ते,” त्या आबांकडे न बघता म्हणाल्या. “ने तू.”

धुळ्याला लोटनभाऊंनी मेण खरवडून झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. मग सुनंदाला झाप झाप झापलं, जसं काही दूध तिनेच ओतलं होतं. हा दुसरा शहाणा. इतक्या ठिकाणी फिरला, पण डबीवर मेण लावू नये एवढं चार घरी सांगून आला असता तर त्याचं काय गेलं असतं? त्याला फिल्मा हव्या असतात, माणसांशी बोलायचं जिवावर येतं.

नऊ दिवस तो मला सोडवत होता. बाहेरचे वेढे ढोकळ्यासारखे चिकटले होते. झोका गेला, झोक्यावरचं हसू गेलं, कुंकवाचे लाल ओघळ तेवढे राहिले. आतली गुंडाळी घट्ट होती, पाणी तिथवर पोचलं नव्हतं. शेवटी त्याने मान वर केली.

“बाई, बठ्ठी नही गयी. थोडीशी शे.”

सगळी गेली नव्हते, अडीच फूट उरले होते. अकरा सेकंद. पुढचं त्याने नीट समजावलं. मी आक्रसले होते, कडेची भोकं मशीनच्या दातांत बसत नव्हती. भिंगाखाली एकेक चित्र बघितलं तर आणखी पाच-दहा वर्षं टिकेन, पण आई हलणार नाही. मशीनवर घातली तर एकदाच, मग फाटेन. त्याचं स्वतःचं मत स्पष्ट होतं: घालायची नाही.

सुनंदाने आठवडाभर विचार केला आणि आजोळी पत्र टाकलं, की रविवारी फिल्म लावणार आहे, आबांना यायचं तर यावं.

आबा आले. रावेरहून जळगाव, जळगावहून धुळे, एस.टी.ने, एकटे. लोटनभाऊंनी खिडकीला गोधडी लावली, माझ्या तोंडाला नवा तुकडा जोडला, मशीन सुरू केलं.

मी चालले. वीस वर्षांनी अंगातून उजेड गेला. भिंतीवर पुष्पाबाई झोक्यावरून उतरली. पदर सारखा केला. कोणाच्या तरी हातातून सहा महिन्यांची पोर घेतली, तिच्या गालाला गाल लावला आणि पोरीचा इवला हात धरून तो कॅमेऱ्याकडे हलवला. मग तिच्या ओठांनी काहीतरी म्हटलं. तिथे मी फाटले. भिंत पांढरी झाली. लोटनभाऊंनी दिवा घालवला.

सुनंदा गालावर हात ठेवून बसली होती. ती पोर कोण, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

अंधारात आबांचा आवाज आला. “अजून एकदा लाव.”

“नही आबा,” लोटनभाऊ म्हणाले. “आते नही लागाव.”

आबा तरी उठले नाहीत. गोधडी काढली, ऊन आत आलं, चहा झाला, ते त्या भिंतीकडेच बघत होते.

या गोष्टीला आता वर्ष झालं. माझ्यात आता फारसं काही उरलेलं नाही. तुमच्या कपाटात, माळ्यावर, देवापाशी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला फुलं वाहू नका. झाकण सैल करा, कोरडी ठेवा, आणि त्यातली माणसं ओळखणारं कोणी जिवंत आहे तोवर तिला चालवून बघा. रडू येईल. येऊ द्या.

मला आता कोणी हलवू नये. मी फार दमलेय.