गार कोठीतले मुर्दे

सिंदेवाहीजवळच्या त्या गावात भाताच्या रोवणीची घाई होती. सगळ्या बांध्यांत, चिखलाच्या खाचरांत, बाया ओळीने ओणव्या झाल्या होत्या. मुखरूच्या बांधीत मात्र तो आणि त्याची बायको भागीरथा, दोघेच. गावाने त्यांना वाळीत टाकले होते.

महायुद्धाच्या काळात मुखरू मजुरांच्या टोळीबरोबर मुंबईला गेला आणि तिथून 'वेलमोर' नावाच्या जहाजावर चढला. यंत्राने बर्फासारख्या गार ठेवलेल्या कोठ्यांचे ते जहाज. ऑस्ट्रेलियातून लोणी आणि गोठवलेले मांस भरायचे, मिसरला, म्हणजे इजिप्तला, फौजेसाठी उतरवायचे. एकदा एडन जवळ आले असताना पाणबुडीने बुडवलेल्या दुसऱ्या जहाजाचे खलाशी तरंगताना सापडले. जिवंत कोणी नव्हते. त्यांना मूठमाती तरी मिळावी म्हणून कप्तानाने प्रेते गार कोठीत ठेवायला सांगितली. ती मुखरूने उचलली. एक तर अगदी कोवळा पोरगा होता. किनारा येईपर्यंत त्याच्या पापण्यांवर पांढरे हिव धरले होते.

लढाई संपली. त्याच कोठीतून मग सफरचंदे आली, मासळी आली. शेवटी जहाज थकले, मोडीत निघाले आणि मुखरू गावी परतला. पण भर वैशाखातही तो घोंगडे पांघरून बसे. "कोठीचं दार कोनं लावलं? आत पोट्टा हाय ना!" असे मधेच ओरडे. भागीरथा त्याचे हात चोळत राही. ते कधी ऊन होतच नसत.

ही सारी हकीकत त्याने चावडीवर सरळ मनाने सांगितली होती. तिथेच घात झाला; भलत्याच जातीची प्रेते उचलली म्हणून पंचांनी त्याला वाळीत टाकले.

त्या दुपारी भागीरथा तापाने पडलेल्या सासूला, रुखमाबाईला, पेज द्यायला घरी गेली. रुखमाबाई थंड पडली होती.

मुखरू चिखलाच्या पायांनीच जातीचे पंच गुणवंतराव यांच्या दारात गेला. "भाऊ, माय गेली. खांद्याले मानसं पाह्यजे."

"येतीन ना. पन अगुदर डोस्कं भादर. पंचाइतीपुढं म्हन, कोन्याबी जातीचे मुर्दे उचलले, मले पाप लागलं."

मुखरू म्हणाला, "डोस्कं त मायसाठी भादरीनच, भाऊ. पन ते पाप होतं, असं नाई म्हननार. त्या पोट्ट्याची माय कुठीतरी वाट पाहून राह्यली असन. म्या त्याले उचललं नसतं, त मासोळ्यायनं खाल्लं असतं."

"मंग तुह्या मायले तूच ने."

बातमी जंगलातल्या पाड्यावर गेली आणि तिथला दसरू गोंड बांबू घेऊन आला. त्याने तिरडी बांधली. एक खांदा मुखरूचा, एक दसरूचा. भागीरथेने पदर कमरेला खोचला आणि तिसरे टोक धरले. चौथे टोक खाली लोंबत होते. तिरडी कलत, अडखळत निघाली. दारादारांत माणसे उभी होती. कोणी पुढे आले नाही.

गुणवंतरावांच्या घरासमोर प्रेत एका अंगाला घसरले. भागीरथा कळवळली. तेवढ्यात ओसरीवरून इंदुताई उतरली. गुणवंतरावांची ही बायको. तिची सगळी बाळंतपणे रुखमाबाईच्या हातची. तिने लोंबणारे टोक उचलून खांद्यावर घेतले.

"इंदे!" गुणवंतराव गरजले. "मांगं फीर! लोक का म्हनतीन?"

"लोकच त पाहून राह्यले," ती म्हणाली. "ज्या बाईनं तुमच्या लेकरायले पयले हात लावला, तिले तुमी रस्त्यावर पडू देता? तुमच्या पंचाइतीले म्या आजपासून मानत नाई. मले घरात घेसान नाई घेसान, तुमी पाहा."

आता तिरडी सरळ झाली. चौघे नदीकडे चालू लागले. मुखरूच्या मागे कोणीतरी हुंदका दिला, पण वळून बघायला त्याला वेळ नव्हता.

रुखमाबाईची चिता पेटली. परक्या मुलखातल्या अनोळखी पोरांना मूठमाती देणाऱ्या माणसाच्या आईला तिच्या स्वतःच्या गावाने एक खांदा दिला नाही. जो दिला, तो एका बाईने घर पणाला लावून दिला. वाचकहो, त्या दारांत आपण उभे असतो, तर पायरी उतरलो असतो का?