पंचायतीच्या दारातले बाकडे

मित्रांनो, मी जांबोटीच्या रस्त्यावरच्या एका गावातले जुने बाकडे आहे. माझे तीन पाय फणसाच्या लाकडाचे आहेत आणि चौथा लोखंडाचा. हा चौथा पाय बेढब दिसतो, जमिनीवर टेकला की खणखणतो, तरी मला त्याचा अभिमान आहे. तो कसा आला, तेच मी आज सांगणार आहे.

रवळू चहावाल्याच्या परसात एक मोठा फणस होता. एका पावसाळ्यात तो वाऱ्याने आडवा झाला. ज्योतिबा सुताराने त्याच्या फळ्या काढल्या, त्या सुकवल्या आणि मला घडवले. रंधा मारून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर चढला आणि दोन उड्या मारून म्हणाला, "घे रं रवळू. म्हस बसली तरी हलणार न्हाय."

रवळूने मला दुकानापुढे, रस्त्याच्या कडेला ठेवले. बेळगावची बस तिथेच थांबते. ती येते तेव्हा येते, त्यामुळे माणसे माझ्यावर पुष्कळ वेळ बसत. बसून बसून माझी फळी गुळगुळीत झाली. "काय गार लागतंय बाकडं," असे म्हणत उन्हातून आलेली माणसे माझ्यावर अंग टाकत. मला फार बरे वाटे.

आणि मी ऐकत असे. बस उशिरा का येते, रस्ता कोणी खाल्ला, नळाला पाणी का नाही, पंचायतीचा अध्यक्ष कुणाच्या खिशात आहे, सगळे माझ्यावर बसूनच ठरे. या बोलण्यात भावकू आप्पांचा हात कोणी धरत नसे. बेळगावात उद्यमबागच्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, त्यांचे सारे आयुष्य गेले होते. भट्टीच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे गळा खणखणीत. अध्यक्षांची नक्कल तर ते अशी करत की रवळूच्या हातातला चहा सांडे.

पंचायतीची ग्रामसभा जवळ आली की रिक्षा भोंगा लावून गावात फिरायची. ती दुकानावरून गेली की आप्पा म्हणायचे, "तिथं जाऊन काय मिळणार? आमचं कोण ऐकतंय?" सगळे माना हलवायचे. सभेच्या दिवशी माझ्यावर नेहमीइतकीच गर्दी असायची. पंचायतीचे कार्यालय समोरच, रस्ता ओलांडला की आले. पण रस्ता कोणी ओलांडत नसे. दुसऱ्या दिवशी मात्र सभेत काय ठरले यावर दुपारपर्यंत शिव्या चालत.

रवळूला दूध घालायला नागुबाई यायची. घरी म्हशी, दिवसभर त्यांच्यामागे गायरानात. ती माझ्यावर कधी बसली नाही. दुधाची किटली रिकामी होईपर्यंत उभी राहायची आणि निघून जायची.

एके दिवशी ती किटली न घेताच आली. तिला धाप लागली होती.

"गायरानात लाल झेंडीचे खांब रोवल्यात," ती म्हणाली. "मोजणीवाल्यांना विचारलं तर म्हणत्यात, रिसॉर्ट व्हणार. झऱ्याभवती कंपाउंड घालणार. औंदाच्या ग्रामसभेत ठराव हाय."

उन्हाळ्यात विहिरी आटल्या की सारे गाव त्या झऱ्याचे पाणी पिते. दुकानात एकदम कालवा झाला. सरकार, कंपनी, अध्यक्ष, सगळ्यांचा उद्धार झाला. आप्पांनी अध्यक्षांचा आवाज काढून गायरानाचा असा लिलाव केला की लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

नागुबाई हसली नाही.

"आप्पा, गेल्या सभेला तुमी गेलतासा काय?"

"मी? आमचं कोण ऐकतंय तिथं?"

"ते गेल्यावर कळंल की. इथं तर तुमचं ऐकायला हे बाकडंच हाय. अध्यक्षाला नावं ठेवायला तुमी लई शिकवलासा आमाला. त्याच्या तोंडावर एकदा तरी बोललासा?"

एवढे बोलून ती निघून गेली. त्या दिवशी माझ्यावर बसलेले सगळे बस यायच्या आधीच उठून गेले.

पुढे नागुबाई घरोघरी फिरली. भाताच्या खळ्यावर गेली, पाणवठ्यावर गेली. कोणी म्हणाले येतो, कोणी म्हणाले बघू, कोणी म्हणाले बायकांचे हे काम नव्हे. सभेच्या दिवशी मी पाहिले, बायकांची रांग लागली होती. कोणी हातचे काम टाकून, कोणी लेकरू काखेत मारून आली होती. मागे काही पुरुषही होते, जरा अंतर ठेवून.

पण पंचायतीच्या हॉलमधल्या खुर्च्या सकाळीच भरल्या होत्या. सगळी अध्यक्षांची माणसे. दारातला माणूस बायकांना म्हणाला, "बसायला जागा न्हाय. भाईर थांबा, काय ठरलं ते सांगतो." आणि त्याने दार लोटायला घेतले.

नागुबाईने दाराकडे पाहिले. मग ती वळली आणि तडक रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. माझ्यावर भावकू आप्पा एकटेच बसले होते.

"रवळू, बाकडं दे."

रवळू घाबरला. "आक्का, पंचायतीचा चहा माझ्याकडनं जातोय. मला यात वढू नको."

"तुला कुठं वढतोय? बाकडं नेतोय. आप्पा, उठा."

आप्पा उठले. तिच्यामागून आलेल्या दोन बायकांनी माझे एक टोक धरले, दुसरे टोक नागुबाईने. फणसाचे लाकूड जड असते. तिचे टोक वर येईना. आप्पा क्षणभर तसेच उभे राहिले. मग त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि तिच्या शेजारी येऊन वाकले. मी उचलले गेले.

इतकी वर्षे त्या रस्त्याकडे तोंड करून मी उभे होते. तो ओलांडला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

त्यांनी मला दाराच्या उंबऱ्यावरून आत सारून ठेवले, अर्धे आत आणि अर्धे बाहेर. नागुबाई बसली. तिच्या शेजारी आणखी बायका दाटीवाटीने बसल्या. आता दार बंद होणे शक्य नव्हते.

"हे उचला," आतून कोणी ओरडले. दारातल्या माणसाने माझा पाय धरून हिसका मारला. ज्योतिबाने मला बसायला केले होते, ओढाताणीला नव्हे. कडकन आवाज झाला आणि माझा पाय मोडला. मी कलंडले. नागुबाईने टाच रोवली, ती उठली नाही. दुसऱ्या बाजूने आप्पांनी माझा कोपरा दोन्ही हातांनी तोलून धरला.

सभेवर देखरेखीला तालुक्याहून एक अधिकारी आले होते. ते कन्नडमध्ये म्हणाले, "दार बंद करून ग्रामसभा होत नाही. राहू द्या ते तिथेच."

ठराव वाचला गेला. "कुणाची हरकत?" असे विचारून अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळणार, तोच आप्पा म्हणाले, "माझी हाय."

मित्रांनो, तो आवाज मला ओळखूच आला नाही. दुकानापुढे घुमणारा गळा तिथे बारीक निघाला. ते आधी कन्नडमध्ये बोलले, म्हणजे अधिकाऱ्यांना समजले नाही असे व्हायला नको. मग तेच मराठीत बोलले, बायकांसाठी. झरा कंपाउंडात गेला तर उन्हाळ्यात गाव कुठले पाणी पिणार? गुरे कुठे जाणार? रिसॉर्ट मागितले कुणी? बोलता बोलता त्यांचा आवाज मोकळा झाला. नक्कल त्यांनी एकदाही केली नाही.

अध्यक्ष म्हणाले, "दारातल्या चार बायका म्हंजे गाव न्हवं."

नागुबाईने मागे वळून हाक दिली, "ठराव नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा गं."

दारात हात वर झाले. व्हरांड्यात झाले, पायऱ्यांवर झाले, खाली रस्त्यावर झाले. मोजायला अधिकाऱ्यांना मला ओलांडून बाहेर यावे लागले. ते मोजत असताना आतल्या खुर्च्यांवरचेही दोनचार हात हळूच वर गेले. ठराव पडला.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे समजू नका. पंचायतीचा चहा रवळूकडून बंद झाला. नागुबाई पुढारीण झाली म्हणून लोक हसले. कंपनीने वरच्या कचेरीत अर्ज केला आणि गायरानातले खांब अजून तिथेच आहेत. आप्पांच्या मुलाने, साईराजने, उद्यमबागमधून लोखंडाचा पाय आणून मला बसवला. रवळूने प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या होत्या. तरी तो मला न्यायला आला, तेव्हा नागुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे हितंच. जागा न्हाय म्हणायला नको कुणी."

तेव्हापासून मी पंचायतीच्या व्हरांड्यात आहे. पुष्कळ दिवस रिकामे असते. माझ्यावर धूळ बसते, कधी कोणी फायली टाकून जाते.

यंदा रिसॉर्टचा विषय पुन्हा आला आणि सभा नेमकी रोप लावणीच्या दिवशी ठेवली. भर पावसात गाव शेतात असणार, हे ठेवणाऱ्यांना ठाऊक होते. सकाळी माझ्यावर दोघेच होते, नागुबाई आणि भावकू आप्पा. समोर रवळूच्या खुर्च्यांवर पाचसहा जण बसून म्हणत होते, "बघा, हिच्यामागं कोण आलं?"

मग चिखलाचा पचपच आवाज आला. बांधावरून बायका येत होत्या. पाठीवर इरली, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलाने माखलेले. त्यांच्यामागे गडी होते. कोणी पाय धुवायला थांबले नाही. ते तसेच आले आणि तसेच माझ्यावर बसले. रवळूच्या दुकानापुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, तेही मी पाहिले. त्या दिवशीही ठराव पडला.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, रंग द्या. मला यातले काही नको. माझ्या फळीवर त्या दिवसाचा चिखल वाळला आहे, तो तसाच असू द्या. तुमच्या गावातही पंचायतीचे एखादे दार लोटले जात असेल, आणि तुम्ही समोर चहा पीत त्याला नावे ठेवत असाल. तुमचे बोलणे खरे असेल. पण ते दाराच्या आत ऐकू जात नाही. तेव्हा उठा, रस्ता ओलांडा आणि आत येऊन बोला. आवाज थरथरला तरी चालेल. जागा नाही असे कोणी सांगितले, तर बसायला घरून काहीतरी उचलून आणा.