दिवाणखान्याचं छत

छावणीतला तो बंगला दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या मुलखातल्या जमीनदारांच्या घरांसारखा बांधून घेतला होता. दाराच्या डावीकडं जितक्या खिडक्या, तितक्याच उजवीकडं. दारावर पंख्यासारखी अर्धगोल काच. इथल्या उन्हाळ्यातही दिवाणखान्यात संगमरवरी शेकोटी. आणि छतावर चुन्यात घडवलेली द्राक्षवेल. तिचा अर्धा भाग गळून पडला होता.

नव्या मालकानं दुरुस्ती काढली, तेव्हा कामावर देखरेख करणाऱ्या तनुजा मॅडमनी संघपालला बोलावलं. खुलताबादपासून पिशोरपर्यंत जुन्या चुन्याचं काम निघालं की त्याचंच नाव घेतलं जायचं. मदतीला त्यानं धाकट्या भावाची, आकाशची बायको मोनाली आणली. तिला थापी धरायला त्यानंच शिकवलं होतं.

एका दुपारी मॅडमना फळीवर चुन्यात घडवलेला द्राक्षाचा एक घड दिसला. त्यांनी तो जुन्या घडाशेजारी धरून पाहिला.

"हा कुणी केला?"

मोनालीनं आधी संघपालकडं पाहिलं. "मी. सहज केला."

"मग छत तूच कर. संघपालभाऊ, तुम्ही भिंती घ्या."

"करू द्या की, घरचीच हाय," संघपाल हसून म्हणाला. पण त्या दिवशी त्याचा डबा तसाच राहिला. संध्याकाळी आकाशनं गल्लीत पेढे वाटले. संघपालनं आपला पेढा खिशात टाकला आणि पुढच्या वळणावर कुत्र्याला घातला.

बंगल्यामागं चुन्याचे दोन हौद होते. एकात तीन महिने मुरलेला चुना, दुसऱ्यात चार दिवसांपूर्वी भिजवलेला. कच्चा चुना लावला की पुढं फुगतो, फोड येतात, हे संघपालला चांगलं ठाऊक होतं. मोनालीची घमेली त्यानं दुसऱ्या हौदातून भरली.

"दादा, मुरलाय ना ह्यो?"

"व्हय."

पंधरा दिवसांत घडांना फोड आले. एक घड सुटून शेकोटीवर आपटला. मोनालीनं तुकडे वेचले. "माझाच हात कच्चा," असं मॅडमना सांगून ती गेली, ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. छत संघपालकडं आलं.

तो परांचीवर चढला. किती दिवसांनी त्याला मोकळं वाटलं! दुपारपर्यंत त्यानं तीन घड केले आणि तिन्ही स्वतःच खरवडून काढले. त्याचे मणी गोल होते, नेटके होते, पण सगळे एकसारखे. मोनालीच्या घडात एक मणी पिकलेला वाटे, एक अजून हिरवा. आजवर तो स्वतःला सांगत होता की मॅडमना काय कळतं. आता ते सांगायचीही सोय उरली नाही. हेवा विझला नाहीच, उलट वाढला; पण असा हात कच्चा समजून ती घरी बसली, हेही त्याला सोसवेना.

संध्याकाळी तो भावाकडं गेला. आकाश कंपनीत पाळीवर होता. मोनाली भाकरी थापत होती.

"चुना कच्चा होता. मी जाणून दिला," दारातूनच तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "का?"

"तुझा हात माझ्यापेक्षा बरा हाय म्हणून."

तव्यावरची भाकरी करपली. "चार दिस झाले, जेवण जात नाय मला," ती म्हणाली. "काय चुकलं, काय चुकलं, एवढंच डोक्यात. आणि तुमी गप ऱ्हायलात?"

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला टाकली.

"मॅडमला सांगा. माझ्यासमोर."

त्यानं सांगितलं. मॅडम त्याला काढूनच टाकणार होत्या. मोनाली म्हणाली, "चुना ह्यांच्याएवढा कुणाला कळत नाय. राहू द्या. पण छताला हात लावायचा नाय."

पुढचे दोन महिने संघपाल चुना मुरवत, मळत राहिला. प्रत्येक घमेल्यातला चुना मोनाली त्याच्यासमोर बोटावर घासून पाही, मगच वर घेई. तो मान खाली घालून उभा राही.

परांची उतरवली त्या दिवशी तिनं त्याला दिवाणखान्यात बोलावलं.

"दादा, जुन्या-नव्याचा जोड दिसतो का?"

तो मान वर करून पुष्कळ वेळ शोधत राहिला. कुठंतरी एक रेघ सापडावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"नाय," शेवटी तो म्हणाला, "कुठंच दिसत नाय."