वीस मिनिटांची चिठ्ठी

जेवणाच्या टेबलाशी चार माणसं बसली होती आणि त्यातली तीन हसत होती. चौथी दोन श्वास उशिरा हसली.

उशिरा हसणारी ती आई. पंधरा वर्षांपूर्वी एका तापाचं निमित्त झालं आणि तिचे दोन्ही कान गेले. यंत्रं लावून पाहिली, पण उपयोग झाला नाही. बोलणं मात्र शाबूत राहिलं, आवाज तेवढा जरा चढा झाला. तेव्हापासून ती लेकीकडे राहत होती आणि सगळ्यांच्या तोंडांकडे बघत जेवत होती. सगळे हसले की तीही हसायची.

"काय झालं? मलाही सांगा की!" आई म्हणाली.

जावई गेली दहा मिनिटं आपल्या साहेबांचा किस्सा रंगवून सांगत होता. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद जेवायला आली होती. ती तर हसून हसून डोळे पुसत होती. लेकीने टेबलावरच्या गठ्ठ्यातला एक पाठकोरा कागद ओढला, त्यावर तीन शब्द लिहिले आणि आईपुढे सरकवला. "साहेब लिफ्टमध्ये अडकले."

"लाँग स्टोरी शॉर्ट!" असं म्हणून तिने पुन्हा घास घेतला.

आईने चिठ्ठी वाचली, तिची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. दोन दिवसांनी तिने जावयाला गाठून विचारलं, "जावईबापू, साहेब सावरले का हो? बंद जागेची धास्ती फार वाईट असते." तेव्हा घर पुन्हा एकदा हसलं. या वेळी कशाला हसलं, हेही तिला कुणी सांगितलं नाही.

मंडळी, यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. घाई होती. आणि घाईला आपल्या घराघरांत इतका मान आहे, की तिच्यापायी कोण उपाशी राहतं हे बघायला आपल्याला सवड होत नाही.

या लेकीचं तर पोटच घाईवर चालायचं. एका मोठ्या कचेरीत ती बैठकांची इतिवृत्तं लिहायची. तीन-तीन तास चाललेली बैठक ती अर्ध्या पानात बसवायची. कोण काय म्हणालं, कोण चिडलं, कोण खिडकीबाहेर बघत बसलं, सगळं गाळून उरायचे फक्त ठराव. कचेरीत तिला 'थोडक्यातबाई' म्हणत, आणि तिला ते नाव आवडायचंही. 'लाँग स्टोरी शॉर्ट' असं म्हणणारा माणूस सहसा त्यापुढे पाऊण तास बोलतो, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. थोडक्यातबाई मात्र तसं म्हणून खरोखर थांबायच्या. कचेरीत उरलेले पाठकोरे कागद त्या चौकोनी कापून घरी आणत. आईशी बोलायला तेवढेच लागत.

मग आईची नजर धूसर होऊ लागली. दिव्यांभोवती कडी दिसतात, समोरच्याचे ओठ एकमेकांत मिसळतात, असं ती सांगू लागली. लेक तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई बोलल्या, त्या चांगली वीस मिनिटं. त्यांच्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे आईला ओठ दिसत नव्हते. तिला दिसत होते फक्त हात. बाईंनी कागदावर मोठा डोळा काढला, त्यात एक गोल काळा केला. मग डाव्या डोळ्याकडे बोट दाखवून मान हलवली, नकारार्थी. मध्येच चष्मा काढून त्यांनी आपले डोळे पुसले. आई हे सगळं टक लावून बघत होती. लेकीच्या फोनवर तेवढ्यात कचेरीतून दोन निरोप आले.

बाहेर बाकावर बसल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

लेकीने चिठ्ठी लिहिली. "मोतीबिंदू. गुरुवारी ऑपरेशन. काळजी नको."

आईने ती तीन वेळा वाचली. मग उलटी करून बघितली, मागे आणखी काही आहे का म्हणून. मागे मागच्या महिन्याच्या बैठकीचा अर्धा ठराव होता.

घरी आल्यावर संमतीपत्र पुढे ठेवलं, तर आईने पेनाला हातही लावला नाही.

"मी सही करणार नाही."

लेकीने लिहिलं, "का?"

"नाही म्हणजे नाही. जेवढं दिसतंय तेवढं मला पुरे आहे."

लेकीने चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या. "साधं असतं." "सगळे करतात." "हट्ट करू नकोस." आईने प्रत्येक चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली, पण सही काही केली नाही. पालथ्या घड्यावर पाणी! लेक हात टेकून उठली.

त्यानंतर घरात एक वेगळीच शांतता आली. दुपारी उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत असताना आई डोळे मिटून चालायची. खाटेपासून दारापर्यंत नऊ पावलं, दारापासून मोरीपर्यंत सहा. चौकटींवरून बोटं फिरवायची. फडताळातले डबे वास घेऊन ओळखायची आणि ओळखता आला की स्वतःशीच मान डोलवायची. संध्याकाळी लेक घरी आली की तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून तो निरखत बसायची, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. लेकीला वाटलं, म्हातारपणाने आईचं मन आता भलतीकडेच चाललंय. पण तिने विचारलं नाही, कारण उत्तर लांबलचक निघालं असतं.

रविवारी दुपारी आई झोपली होती. संमतीपत्र कुठे ठेवलंय ते शोधायला लेकीने तिचा खण उघडला. आत कचेरीच्या जुन्या डायऱ्या होत्या, एकावर एक सात. लेकीनेच कधीतरी आणून दिलेल्या. तिने वरची उघडली.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक चिठ्ठी चिकटवली होती, लेकीच्याच अक्षरातली. आणि त्याखाली, आईच्या बारीक अक्षरांत, पान भरून गोष्ट.

"शेजारचे भांडले. मिटलं." एवढीच एक चिठ्ठी. खाली लिहिलं होतं, की शेजारच्याला सकाळी उजेडात जाग यायला हवी असते आणि त्याच्या बायकोला भिंतीकडे तोंड करून झोपायचं असतं. म्हणून ते आठ दिवस भांडले. शेवटी दोघांनी मिळून खाट खोलीच्या मधोमध फिरवली, आणि आता ते रात्री जहाजात झोपल्यासारखे झोपतात. खरं भांडण गाडी कुठे लावायची यावरून होतं. आईचं कितीतरी गोड होतं!

"साहेब लिफ्टमध्ये अडकले." त्याखाली एकटा माणूस अंधारात उभा होता. त्याला लहानपणी माळ्यावर कोंडल्याची आठवण येत होती आणि तो आपल्या आईला हाक मारत होता. शेवटी ओळ होती, "याला सगळे का हसले ते मला कळलं नाही. मीही हसले. मला माझी लाज वाटते."

लेक खाली फरशीवर बसली. पानं उलटत राहिली. "काही नाही." "नंतर सांगते." "ऑफिसचं आहे." "असंच." पंधरा वर्षं तिने आईला तुकडे दिले होते, आणि आईने त्यांची घरं बांधली होती, माणसं वसवली होती, त्यांना पाऊस-ऊन दिलं होतं. स्वप्नात चालावं तशी लेक त्या घरांमधून फिरत होती. कुठल्याच घरात ती स्वतः नव्हती.

मग शेवटचं पान आलं. "मोतीबिंदू. गुरुवारी ऑपरेशन. काळजी नको."

"डॉक्टरीणबाई वीस मिनिटं बोलल्या. पाच शब्दांत मावेल एवढ्यासाठी कुणी वीस मिनिटं बोलत नाही. म्हणजे बाकीचं मला सांगण्याजोगं नाही. डाव्या डोळ्याला त्या नाही म्हणाल्या. उजवा काळा करून दाखवला. नंतर त्यांनी डोळे पुसले, म्हणजे त्या रडल्या. ऑपरेशन करून एखाद वेळेस काही वाचलं तर वाचेल, नाहीतर गुरुवारीच सगळं जाईल. पोरीने मला कळू दिलं नाही, तिचा जीव तुटत असेल. मला कान नाहीत, डोळेही गेले तर चिठ्ठी तरी कशी वाचू? गुरुवारनंतरही लेकीचं तोंड दिसायला हवं. म्हणून सही करायची नाही. आणि नजर शेवटी जाणारच, तर तोवर घर आणि तिचं तोंड पाठ करून ठेवायचं."

अरे देवा! म्हणून ती पावलं मोजत होती! म्हणून चेहरा निरखत होती! लेकीच्या तोंडून हुंदका फुटला. तो आईला ऐकू गेला नाही, पण फरशीवर लेकीचा हात आपटल्याचा हादरा तिला जाणवला असावा. ती उठून बसली. लेकीच्या मांडीवरची डायरी तिने पाहिली.

"वाचलंस?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकोणतीस वर्षं काढली, तुला माहितीच आहे. परगावच्या ट्रंक कॉलला तीन मिनिटं मिळायची. तीन मिनिटं झाली की मी विचारायचे, वाढवू का? लोक बहुतेक वेळा फुकटचं बोलायचे. हवा कशी आहे, म्हैस व्याली का, आवाज बसलाय का. पण न विचारता मी कधी कुणाचा कॉल तोडला नाही. का सांगू? माणूस माणसाला बातमी द्यायला फोन करतच नसतं गं. सोबत करायला करतं."

लेकीने कागद ओढला आणि पेन उघडलं.

"तू माझा कॉल रोज तोडतेस," आई म्हणाली. "जे गाळतेस ना, त्यातच माणसं असतात. ठराव घेऊन मी काय करू? आणि एक लक्षात ठेव. अर्धी ठेवलेली गोष्ट रिकामी राहत नाही. ऐकणारा ती भरतो. सुखात असेल तर गोड भरतो, घाबरला असेल तर काळी."

"तुझा डोळा जाणार नाहीये!" लेकीने लिहिलं.

आईने वाचलं आणि ती हसली, थकलेलं. "हीसुद्धा चिठ्ठीच की गं. बाकीचं काय म्हणाल्या?"

आणि तिथे थोडक्यातबाई अडल्या. बाकीचं त्यांना आठवेना! वीस मिनिटं त्या समोर बसल्या होत्या, पण कानांनी फक्त ठराव वेचले होते. धडधाकट कान असून त्यांनीही काही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कचेरीत रजा टाकली आणि ती दवाखाना उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिली. सोबत पाठकोरे कागद होते आणि जाड टोकाचं पेन.

"त्या दिवशीचं सगळं मला पुन्हा सांगाल? अगदी पहिल्यापासून. आणि सावकाश. मला लिहून घ्यायचंय."

"सगळं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळ लागेल."

"लागू दे. आणि डॉक्टर, एक विचारायचं होतं. तुम्ही त्या दिवशी डोळे का पुसलेत?"

बाईंनी चष्म्याला हात लावला. मग त्या म्हणाल्या, "मास्क लावला की माझ्या चष्म्यावर वाफ धरते हो, डोळेही ओले होतात! दिवसातून पन्नास वेळा दोन्ही पुसते." लेकीने तेही लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी तिने आईपुढे अकरा कागद ठेवले, ठळक अक्षरांतले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. बाईंनी कागदावर काढलेला काळा गोल म्हणजे तोच. तो काढून तिथे नवं भिंग बसवतील, सगळं वीस मिनिटांत. शस्त्रक्रिया म्हटली की थोडा धोका असतोच, तो किती आणि काय ते त्यांनी सांगितलंय, पुढच्या कागदावर आहे. डाव्या डोळ्याचा पडदा अशक्त आहे. मान हलवली ती एवढ्यासाठी, की त्याला आत्ता हात लावायचा नाही, दर सहा महिन्यांनी तपासायचा. आणि सातव्या कागदावर चष्म्याची वाफ.

सातव्या कागदाशी आई थांबली. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचला. "वाफ?" ती म्हणाली. "मी चार दिवस त्या बाईच्या रडण्यावर रडतेय, आणि ती वाफ?" मग आई इतकी हसली की तिला ठसका लागला. लेक हसत होती आणि रडतही होती. अकरावा कागद संपला. आईने नऊ प्रश्न विचारले आणि नऊ उत्तरं वाचली. मग म्हणाली, "आण ते संमतीपत्र."

गुरुवार नीट पार पडला. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा आईने आधी लेकीचा चेहरा पाहिला. "मी पाठ केला होता त्यापेक्षा तू जास्त दमलेली दिसतेस," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तीच चार माणसं पुन्हा टेबलाशी बसली. टेबलावर आता पुसता येणारा मोठा पांढरा फळा होता, आणि सासूबाईंसाठी लिफ्टचा किस्सा पहिल्यापासून सांगायची पाळी जावयाची होती. तो बोलत नव्हता, फक्त लिहीत होता. लिफ्टचं दार बंद झालं. साहेबांसोबत आत होता तो कारकून, ज्याची रजा साहेबांनी तीनदा नाकारली होती. लिफ्ट हलेना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. साहेबांना घाम फुटला. कारकून म्हणाला, साहेब, आता मरायचंच आहे तर रजेवर सही करून टाका. साहेबांनी केली. शेवटी दार उघडून शिपाई आत डोकावला...

जावयाचं अक्षर किरटं, आणि त्याच्या खांद्याआडून नणंदेला नि लेकीला काही दिसत नव्हतं. गोष्ट ठाऊक असूनही दोघी माना उंच करून वाट बघत होत्या. आई मात्र अगदी समोर बसली होती, नव्या डोळ्याने एकेक शब्द उमटताना बघत.

"...आणि म्हणाला, साहेब, मजल्याचं बटण कोणीच दाबलं नाहीये."

आई खदखदून हसली. टेबलावर थाप मारून हसली. बाकीचे तिघं तिच्याकडे बघत राहिले, आणि मग तेही हसले, दोन श्वास उशिरा.

मंडळी, आपल्या घरातही कुणीतरी असतं. ऐकू न येणारं, नजर अधू झालेलं, सावकाश समजणारं, किंवा नुसतंच म्हातारं झालेलं. त्याने "काय झालं?" असं विचारलं, की "काही नाही" म्हणू नका. जे सगळ्यांना सांगितलं, तेच, तेवढंच त्यालाही सांगा. घास जरा निवला तर निवू द्या.