जुळलं का?

"जोर लावू नकोस," भिंगवाले खुर्चीवरून उठत म्हणाले. "आधी खाली ठेव तो."

लेकीनं कॅमेरा टेबलावर ठेवला, पण वरचा हात काही काढला नाही. "जोर कुठे लावतेय? भिंगाचं कडं जागचं हलतच नाहीये. बाबा, हा आईचा ना? मी नेणार आहे."

"कपाटात एवढे आहेत, त्यातला कुठलाही घे. तो वरच्या फळीवरचा काळा बघ. लोक पाया पडतील त्याच्यासाठी."

"पडू देत. मला हाच हवाय."

लेकीला दूर देशी नोकरी लागली होती आणि ती परवा निघणार होती. बॅगा भरता भरता ती घरातली एकेक वस्तू हातात घेऊन बघत बसायची, आणि बॅगा तशाच उघड्या राहायच्या. असंच बघताना आईच्या कपाटातली शालीची गुंडाळी तिला सापडली. आई गेल्यापासून ती गुंडाळी भिंगवाल्यांनी उघडलेली नव्हती.

भिंगवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते गल्लीनं ठेवलेलं नाव, पण आता टपालसुद्धा त्याच नावानं यायचं. जुने जपानी कॅमेरे गोळा करायचे आणि चालते करायचे, हा आधी त्यांचा नाद होता, मग धंदा झाला, आणि बायको म्हणायची त्याप्रमाणे शेवटी शेवटी तोच संसार झाला. भंगाराच्या ढिगातून, बंद पडलेल्या स्टुडिओतून, कुणाच्या तरी आजोबांच्या ट्रंकेतून हे कॅमेरे घरी येत. आतल्या स्पंजचं वितळून डांबर झालेलं असे. ते खरवडून खरवडून भिंगवाल्यांची नखं कायमची काळी पडली होती.

या कॅमेऱ्यांची तऱ्हाच वेगळी. डोळा लावायच्या खिडकीतून बघितलं की मध्ये एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरच्या वस्तूची दोन चित्रं. एक ठळक, दुसरं फिकट, जरा बाजूला सरकलेलं, त्याच वस्तूचं भूत असावं तसं. भिंगाभोवतीचं कडं फिरवत गेलं की फिकट चित्र सरकत येऊन ठळकावर बसतं. दोन्हीचं एक झालं की अंतर बरोबर लागलं म्हणायचं. दुरुस्तीतलं शेवटचं काम हेच असायचं. भिंगवाले टेबलाशी बसून खिडकीच्या गजावर नेम धरायचे, कडं फिरवायचे, आणि आतल्या खोलीतून बायको विचारायची, "जुळलं का?"

"जुळलं," हे म्हणायचे. मग ती चहा टाकायची.

बायको गेली, पण तिचं विचारणं काही गेलं नाही. गजाची दोन चित्रं एक झाली की आतून आवाज यायचाच. स्पष्ट, थोडा थकलेला, आजारपणातला. भास म्हणजे काय ते भिंगवाल्यांना कळत होतं, आणि आपल्याला वेड लागलेलं नाही हेही कळत होतं. ते नेहमीसारखं "जुळलं" म्हणायचे आणि स्वतःच उठून चहा टाकायचे. ही गोष्ट त्यांनी कुणापाशी काढली नव्हती. काढली असती तर कुणीतरी डॉक्टरचं नाव सुचवलं असतं आणि डॉक्टरनं तो आवाज बंद केला असता.

"जगाचे कॅमेरे चालते करता आणि घरातलाच बंद," लेक म्हणाली. "आई तेव्हाच सांगत होती ना, कडं जड जातंय म्हणून?"

"सांगत होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"करतो उद्या, म्हणालो." भिंगवाल्यांनी कॅमेरा पुन्हा शालीत गुंडाळला. "रोज म्हणालो."

"आत फिल्म आहे?"

"नाही. शेवटी शेवटी फिल्म नसायचीच. पडल्या पडल्या नुसतीच बघत राहायची."

"काय बघायची?"

भिंगवाल्यांनी गुंडाळी कपाटात ठेवली. तिच्या पलंगावरून उघड्या दारातून काय दिसतं ते त्यांना पाठ होतं. टेबल, टेबलाशी खुर्ची आणि खुर्चीत पाठमोरे ते. तिच्या आजारपणाच्या वर्षी त्यांनी पेलवणार नाही एवढं काम अंगावर घेतलं होतं. कामापुढे यांना बायको दिसत नाही, असं शेजारीपाजारी बोलायचे, तेही त्यांच्या कानावर आलं होतं. तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून त्यांनी पाठ केली होती. पण कारण काही असलं तरी पाठ ती पाठच.

ग्रीस सुकून कडं जिथल्या तिथे बसलं होतं. म्हणजे तिनं शेवटचं जे काही जुळवून बघितलं, त्याचंच अंतर अजून त्यात अडकून होतं. कड्यावरचे आकडे वाचून ते कळलं असतं, पण त्यांचा रंग तिच्याच अंगठ्यानं पुसून गेला होता. थोडं स्पिरिट सोडलं की कडं मोकळं झालं असतं, पण मग ते तिनं लावलेलं राहिलं नसतं. आणि कॅमेरा डोळ्याला लावून बघण्याचा धीर भिंगवाल्यांना आजवर झाला नव्हता. आपली पाठ बघतच ती गेली, हे एकदा नक्की कळलं की पुढे त्या घरात राहायचं कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक बाजारात गेली. भिंगवाल्यांनी शाल सोडली. पलंगावर बायको जिथे निजायची तिथे ते आडवे झाले, उशीवर डोकं टेकलं आणि दारातून दिसणाऱ्या खुर्चीवर त्यांनी कॅमेरा रोखला.

चौकोनात दोन खुर्च्या दिसल्या.

आतलं यंत्र सरकलं असेल, असं आधी त्यांच्या मनात आलं. पण हा कॅमेरा त्यांनी स्वतः जुळवून तिच्या हातात दिला होता, आणि शालीत तो कशावर आपटणार? त्यांनी पुन्हा बघितलं. खुर्ची दोनच. दाराची चौकट दोन, कडी दोन, पलीकडची खिडकी दोन. अख्खं घर त्यांना दुहेरी दिसत होतं. मग ती बघत तरी काय होती? त्यांनी कॅमेरा सावकाश भिंतीवरून फिरवत खाली आणला, आणि पलंगाच्या पायथ्याशी येऊन त्यांचा हात थांबला. तिथलं स्टूल एकच होतं. त्याच्या पायावरचा टवकासुद्धा एकच, स्वच्छ.

दुपारचं औषध घेतलं की तिला झोप लागायची. मग भिंगवाले टेबलाशी चपला काढून हलक्या पावलांनी आत यायचे आणि या स्टुलावर भिंतीला टेकून बसायचे. तिच्याकडे बघायची तेवढीच एक वेळ. बघता बघता बहुतेकदा त्यांचाच डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा ती डोळे मिटून पडलेली असायची आणि कॅमेरा उशीशी. ते चोरासारखे पुन्हा टेबलाशी जायचे. आपण येऊन बसत होतो हे तिला कधी कळलं नाही, सांगायचंही राहून गेलं, ही टोचणी त्यांना आजवर होती.

म्हणजे ती जागी होती. हे झोपले की ती कॅमेरा उचलायची, ते जड कडं नेटानं फिरवायची आणि यांना जुळवून बघायची. यांची पापणी हलायच्या आत स्वतःचे डोळे मिटून घ्यायची. भिंगवाल्यांना हुंदका फुटला, आणि घरात कुणी नव्हतं म्हणून त्यांनी तो फुटू दिला.

लेक आली तेव्हा ते अजून पलंगावरच होते. "बाबा, बरं वाटत नाहीये का? हे स्टूल घेऊन जाते हं, माळ्यावरची बॅग काढायचीय."

"थांब. त्यावर बस जरा."

"अहो, बॅग..."

"बस गं."

ती बसली. दमली होती म्हणून भिंतीला टेकली. भिंगवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोनात लेक एकच होती, कपाळावरच्या घामासकट.

"जुळलं का?" लेकीनं विचारलं. लहानपणापासून कानावर पडलेलं, सहज तोंडून गेलं.

भिंगवाल्यांनी कॅमेरा खाली घेतला. "मी नाही जुळवलं," ते म्हणाले. "तुझ्या आईनं जुळवून ठेवलंय." आणि मग त्यांनी तिला स्टूल, दुपारची झोप, कडं, सगळं सांगितलं. आवाजाचं तेवढं सांगितलं नाही.

लेक स्टुलावरून उठली. "राहू दे बाबा," ती म्हणाली. "त्याला हात लावू नका. मी तो काळा नेते."

"आणि हा काय मी शालीत घालून पुजू? करतो उद्या म्हणत इतकी वर्षं गेली. आज करतो."

लेकीनं स्टूल नेलं. भिंगवाले टेबलाशी बसले, कड्याच्या फटीत थेंब थेंब स्पिरिट सोडलं आणि दोन बोटांनी धरून बसले. कडं आधी अडून राहिलं, मग हलकेच सुटलं. त्यांनी जुनं ग्रीस पुसलं, नवं भरलं, सगळं पुन्हा बसवलं आणि खिडकीच्या गजावर नेम धरला. दोन गज दिसले. कडं लोण्यासारखं फिरत होतं. फिकट गज सरकत आला आणि ठळकावर बसला.

भिंगवाले थांबले. आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. कुणी काही विचारलं नाही. डोळ्यावरचा कॅमेरा न काढता ते आणखी थोडा वेळ वाट बघत राहिले.

"जुळलं गं," ते आपणहून म्हणाले. मग उठून माळ्याखालचं स्टूल उचललं आणि पलंगाच्या पायथ्याशी, होतं तिथे नेऊन ठेवलं.