सोमवार धरणारे शास्त्रीबुवा

मित्रांनो, काचेचा जन्म वाईट. आतलं सगळं दिसतं, बाहेरचंही सगळं दिसतं, आणि बोलायला तोंड नाही. मी अशीच एक जुनी टाकी आहे, माशांची. मुक्काम उज्जैन, नानाखेड्याकडची एक कॉलनी, बैठकीची खोली, टीव्हीसमोरची भिंत. आज जे सांगणार आहे ते आठवलं की अजूनही माझ्या काचेला बाहेरून घाम फुटतो. पावसाळ्यात तर हमखास. लोक म्हणतात, हवा दमट आहे. म्हणोत बापडे.

माझा जन्म फ्रीगंजातल्या रंगीत माशांच्या एका दुकानात झाला. पाच काचा आणि त्या चिकटवणारा गोंद, एवढंच माझं घराणं. मी आकाराने ऐसपैस, त्यामुळे गिऱ्हाईक यायचं, वाकून बघायचं, "वा!" म्हणायचं आणि लहान बरणी घेऊन जायचं. बराच काळ मी रिकामी पडून होते. रिकाम्या माणसाला जसं शेजाऱ्यांचं सगळं ठाऊक होतं, तसं मलाही झालं.

माझ्या शेजारच्या टाकीत एक काळपट पिल्लू होतं. अंगावर नारिंगी ठिपके, चाल गंभीर. बाकीच्या टाक्यांमध्ये जत्रा भरलेली असायची, हा मात्र एकटा. जातीने ऑस्कर. दुकानदार त्याला सकाळी काय खायला घालायचा ते मी रोज पाहत असे. ते इथे सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी जेवायला बसलेलं असेल.

एका रविवारी दुकानात तात्या आले. निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांचं घराणं शिंद्यांच्या काळात दफ्तर सांभाळायला माळव्यात आलं, आणि तेव्हापासून त्या घरात कुणी कुणाचं ऐकलेलं नाही. बरोबर त्यांच्या पत्नी माई, आणि चौथीतली नात भार्गवी. टाकी भार्गवीच्या वाढदिवसाची होती. मासे कोणते घ्यायचे हे मात्र तात्याच ठरवणार होते.

"कौन-सी दूँ, साहब?" दुकानदाराने विचारलं.

"सात्त्विक।" तात्या म्हणाले.

"जी?"

"शाकाहारी। हमारे घर में प्याज भी चातुर्मास में नहीं आता।"

दुकानदाराने आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नव्हतं. "सब शाकाहारी हैं, साहब," तो म्हणाला. "जो दोगे, खा लेंगी।"

मी हादरले. काच हादरली तर तडकते, म्हणून मी आतल्या आत हादरले.

पण तात्यांना ते पटलं, कारण त्यांच्याकडे पुरावा होता. दर अमावास्येला ते रामघाटावर जाऊन शिप्रेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालत. मासे झुंबड उडवून खात. यावरून त्यांनी कधीचाच निष्कर्ष काढला होता, की मासा हा मुळात कणीक खाणारा प्राणी आहे. बाकी सगळी लोकांनी उठवलेली आवई.

भार्गवीने रंग बघून गप्पी निवडले, झेंड्यासारख्या शेपट्यांचा एक थवाच. माईंनी एक छोटासा सोनेरी गोल्डफिश पसंत केला, "लक्ष्मीचा रंग आहे हो," म्हणून. भार्गवीने तिथल्या तिथे त्याचं नाव चिंगी ठेवलं. आणि तात्या त्या एकट्या पिल्लापुढे उभे राहिले. पिल्लाने काचेपाशी येऊन त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. त्याच्या कपाळावर एक नारिंगी रेघ होती, उभी, अगदी मधोमध.

"माई, गंध बघ," तात्या पुटपुटले. "आणि नजर बघ! एखादा शास्त्री असावा पूर्वजन्मीचा."

"तात्या, तो एकटाच का ठेवलाय?" भार्गवीने विचारलं.

तिथे विचारण्यासारखा तेवढा एकच प्रश्न होता. तात्या म्हणाले, "एकांतप्रिय आहे." आणि पिल्लाचं नाव शास्त्रीबुवा ठरलं.

अशी आमची वरात नानाखेड्याला आली. पहिले दिवस कौतुकाचे गेले. येणारा-जाणारा माझ्यापुढे थांबे. माझ्यात दिवा होता, बुडबुडे सोडणारं यंत्र होतं, हिरवीगार वेल होती. संध्याकाळी टीव्ही बंद करून सगळे माझ्याकडे बघत बसत. मित्रांनो, टीव्ही बंद करून! यापेक्षा मोठा मान हल्लीच्या काळात कुणाला मिळतो?

मग गप्पी कमी होऊ लागले.

मी सगळं पाहत होते. शास्त्रीबुवा वेलीच्या आड ध्यानस्थ असत. गप्पी समोरून जाई. पाणी एकदा हलकेच हले, आणि पुन्हा ध्यान. ना आवाज, ना धावपळ. इतक्या शांतपणे कुणाचं आयुष्य संपताना मी पाहिलं नव्हतं. माझं पाणी गार पडलं. घरातल्यांनी हीटर वाढवला. त्या उबेने चिंगी बिचारी आणखी धापा टाकू लागली, कारण गोल्डफिशला मुळात गार पाणी लागतं. तेही कुणी विचारलं नव्हतं.

"गप्पी कमी दिसून राहिले हो," माई म्हणाल्या.

"वेलीत असतील. लाजाळू जात."

पुढच्या आठवड्यात वेलीतही जेमतेम दोन-चार उरले होते. तात्यांनी वाकून वेलीत पाहिलं, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "माई, आपण राहतो कुठे? अवंतिकेत. मोक्षपुरी आहे ही. मोठ्यांना वेळ लागतो, लहान जिवांना चटकन सुटका मिळते."

मी ऐकतच राहिले. दुसरं करणार काय?

शास्त्रीबुवा मात्र दिवसेंदिवस बाळसं धरत होते. तात्या त्यांना कणकेच्या गोळ्या घालत. ते एक गोळी तोंडात घेत, विचार करत आणि थुंकून टाकत. एका श्रावणी सोमवारी तर त्यांनी गोळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहतील कसे? त्याच सकाळी शेवटचे दोन गप्पी पोटात गेले होते. पण तात्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोमवार धरलाय त्यांनी!"

माईंनी नकळत पदर सावरून शास्त्रीबुवांना हात जोडले. आणि मी, पाच काचा आणि गोंद असलेली एक टाकी, अवाक झाले.

बातमी कॉलनीभर गेली.

सत्य माझ्याशिवाय आणखी एका व्यक्तीला माहीत होतं. भार्गवीने स्टुलावर उभं राहून शास्त्रीबुवांच्या तोंडातून बाहेर राहिलेली झेंड्यासारखी शेपटी पाहिली होती.

"तात्या, हा खातो सगळ्यांना! मी बघितलं!"

"भार्गवी, खोटं बोलू नये."

"शप्पथ! आता फक्त चिंगी राहिली आहे. तिला वेगळ्या भांड्यात ठेवू या ना."

"कुणावर संशय घेऊन घरातल्यांना वेगळं करायचं? आपल्याकडे शोभत नाही ते. आणि तूच काचेवर टकटक करतेस, मासे दचकतात. आजपासून टाकीजवळ यायचं नाही."

स्टूल उचलून गच्चीवर गेलं. भार्गवी लांबून, सोफ्याच्या हातावर हनुवटी टेकून, चिंगीकडे बघत बसे. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर असतानाच आधी नजर माझ्याकडे. आहे. चिंगी आहे अजून. मग बूट काढायचे. मित्रांनो, एवढंसं पोर रोज दारातच श्वास धरून उभं राहतं, हे बघायला काचेचंही काळीज लागतं.

श्रावणातला पुढचा सोमवार उजाडला. महाकालाची सवारी पाहून तात्यांची मित्रमंडळी थेट आमच्याकडे आली. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, असा बेत होता. पुढे होते गोपाळकृष्ण काका, मराठी मंडळातले तात्यांचे जुने सोबती आणि जुने विरोधक.

"कुठे आहेत तुमचे उपवासवाले?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरी कुत्रा आहे, तो एकादशीलाही ऐकत नाही."

"संस्कार लागतात, गोपाळराव," तात्या म्हणाले. "बघाच आता."

सगळे माझ्यासमोर अर्धवर्तुळ करून उभे राहिले. तात्यांनी कणकेची गोळी दोन बोटांत धरली, जादूगारासारखी सगळ्यांना दाखवली आणि पाण्यात सोडली. गोळी शास्त्रीबुवांच्या नाकासमोरून खाली गेली. ते हलले नाहीत.

"अहाहा!" कुणीतरी म्हणालं. कुणीतरी टाळी वाजवली. गोपाळकृष्ण काकांनी चष्मा पुसला. "मान गए, तात्या."

तेवढ्यात चिंगी त्या गोळीकडे आली.

शास्त्रीबुवा वळले. पाणी एकदा हललं.

खोलीत खिचडीचा चमचाही वाजेना. शास्त्रीबुवांच्या तोंडातून चिंगीचा मागचा अर्धा सोनेरी भाग बाहेर होता आणि फडफडत होता. गंध मात्र जागच्या जागी होतं, उभं, अगदी मधोमध.

"अगं बाई," माई म्हणाल्या.

"सोमवार सुटला वाटतं," गोपाळकृष्ण काका म्हणाले, पण हळू.

भार्गवीने कुणाला काही विचारलं नाही. तिने खुर्ची ओढली. खुर्चीवरची भगरीची ताटली धाडकन खाली गेली. ती वर चढली आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. शास्त्रीबुवा दचकले. आजवर कणीक थुंकत आले होते, ते या वेळी चिंगीला थुंकले. चिंगी वाकडी होऊन तळाकडे निघाली. भार्गवीने ओंजळ खाली धरली.

"भांडं! कुणीतरी भांडं द्या!"

कुणीच हलेना. आणि मग माई आत गेल्या. माशांचं पाणी हाताला लागलं तरी आंघोळ करणाऱ्या माईंनी आपलं दुधाचं पातेलं आणलं, माझ्यातलंच पाणी त्यात भरलं आणि नातीपुढे धरलं. शेपूट फाटलेली चिंगी त्यात एका बाजूला कलून तरंगली. मग कल्ला हलला. मग पुन्हा हलला.

पाहुणे लवकर गेले. तात्या माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. चेहरा असा, की जणू चिंगीला त्यांनीच तोंडात धरलं होतं. म्हणाले, "उद्या पहाटे याला रामघाटावर नेतो आणि देतो सोडून शिप्रेत. ढोंगी लेकाचा!"

मला वाटलं, भार्गवी टाळ्या पिटेल. तिचाच हक्क होता. पण ती पातेल्याजवळून उठून आली.

"नदीत नका सोडू, तात्या. तिथले तुमचे कणीकवाले मासे खाईल तो. आणि तो ढोंगी नाहीये."

"नाही कसा? इतके दिवस..."

"त्याने कुठे सांगितलं होतं सोमवार धरतो म्हणून? तो मासा आहे. शास्त्री तुम्ही केलंत."

तात्या उठले, गच्चीवर गेले आणि स्टूल खाली घेऊन आले. ते माझ्यासमोर ठेवलं, हाताने पुसलं आणि म्हणाले, "बस. आता तू सांग, कुणाला कुठे ठेवायचं."

चिंगीला भार्गवीच्या खोलीत वेगळी टाकी मिळाली, हीटरशिवाय. पुढे जोडीला तिच्याच जातीची एक मैत्रीण आली. चिंगीचं शेपूट पुन्हा वाढलं, जरा तिरकं. शास्त्रीबुवा माझ्याकडेच राहिले, एकटे. आता ते तात्यांच्या पंज्याहून मोठे झालेत. माझे कोपरे पिवळे पडलेत, गोंद म्हातारा झालाय, दिवा मधूनच मिणमिणतो. टीव्ही पुन्हा सुरू झालाय. आठवड्याला पाणी बदलायचं कधी राहतं. काचेवर शेवाळ धरलं की भार्गवीच ओरडते आणि तात्या निमूट बाही वर करतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण येणार असेल, तर एवढं करा. मासे रंग बघून गोळा करू नका. मोठा झाल्यावर हा केवढा होईल, ते विचारा. याला गार पाणी लागतं की कोमट, हा कळपात राहतो की एकटा, शेजाऱ्याच्या शेपट्या तोडतो का, हे आधी विचारा आणि मगच पिशवीत घ्या. दुकानात कुणी एकटा ठेवलेला दिसला तर त्याचं कारण विचारा, आणि "सब साथ में रहती हैं" असं ऐकलंत तर दुसऱ्या दुकानात जा. माशाच्या कपाळावरचं गंध बघू नका, तोंडाचा आकार बघा. जो ज्याच्या तोंडात मावतो, तो त्याच्या शेजारी राहू शकत नाही. आणि घरातलं लहान माणूस काचेला नाक लावून काही सांगत असेल, तर ते ऐका. मला बोलता येत नाही, त्याला येतं.

परवा सोमवारी गोपाळकृष्ण काका आले होते. तात्यांचा उपवास होता. तरी त्यांनी नाकाला उपरणं लावून डबा उघडला. त्यातले दाणे मासळीच्या भुकटीचे असतात, त्यामुळे तो डबा स्वयंपाकघरात नव्हे, गॅलरीत ठेवलेला असतो. तोंड फिरवून त्यांनी मूठभर दाणे माझ्यात टाकले. शास्त्रीबुवांनी ते चटकन संपवले आणि काचेपाशी येऊन आणखी मागितले.

"काय तात्या," काका म्हणाले, "यांचा सोमवार?"

तात्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"सोमवार माझा आहे, गोपाळराव," ते म्हणाले. "त्याला भूक लागते."