बिनव्याजी मुदत

पोपटाने पाण्याचा घोट गिळला, हेडफोनची दांडी तोंडाजवळ ओढली आणि हिरवं बटण दाबलं. घसा खाकरायलाही सवड नव्हती. एक ग्राहक गेला की दुसरा कानात येऊन बसायचाच.

"नमस्कार, कार्ड विभागात आपलं स्वागत आहे. आपलं हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. मी आपली काय मदत करू शकतो?"

त्याचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे. ठरवून दिलेला मजकूर तो कुठेही न अडखळता घडाघडा म्हणायचा, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याचा पोपट झाला होता आणि त्यालाही ते मानाचंच वाटत होतं. नोकरी मात्र अजून कच्ची होती. ती पक्की होणार की नाही, हे भिंतीवरच्या फळ्यावर मांडलेल्या कार्डविक्रीवरून ठरायचं. ठरलेल्या आकड्याला त्याचं एकच कार्ड कमी होतं आणि महिना संपत आला होता.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "एका कार्डावरची बाकी दुसऱ्या कार्डावर नेता येते म्हणे. काही महिने व्याज लागत नाही, असं वाचलं. त्याची चौकशी करायची होती."

आवाज पोपटाच्या वडिलांचा होता.

नियम साधा होता. ओळखीच्या माणसाचा फोन आला तर तसं सांगून दुसऱ्या कुणाकडे वळवायचा. त्याचं बोट त्या बटणावर गेलंही. पण शेजारच्या खुर्चीवर लंबू बसला होता आणि लंबूच्या तावडीत सापडलेला माणूस कार्ड घेतल्याशिवाय सुटत नसे. शिवाय बाबा आणि कार्ड? पोपटाने पूर्वी एकदा कार्डावर महागडा मोबाइल घेतला होता, तेव्हा बाबांनी जेवणाच्या टेबलावर, आईच्या देखत, त्याच्या कार्डाचे कापड कापायच्या कात्रीने दोन तुकडे केले होते. ऐपत नसेल तर हात आखडता घ्यावा, एवढंच बोलले होते. ते तुकडे ताटाशेजारी ठेवून तो जेवला होता.

त्याने बोट मागे घेतलं. बाबांनी आपल्याला ओळखलेलं दिसत नाही, असं त्याला वाटलं. ऑफिसातला त्याचा आवाज घरच्या आवाजाहून निराळाच होता, इस्त्री केल्यासारखा.

"अवश्य, सर," तो म्हणाला. "सध्याच्या कार्डावर बाकी किती आहे?"

बाबांनी आकडा सांगितला. पोपटाने तो टाइप केला आणि एखादं शून्य चुकून जास्त पडलं की काय म्हणून पुन्हा पाहिला. शून्यं बरोबर होती.

"यात खरेदी किती आणि रोख उचल किती?"

"सगळी रोखच."

"रोख कशासाठी काढली, हे आम्हाला नोंदवावं लागतं, सर."

असं काहीही नोंदवावं लागत नव्हतं. मजकुराबाहेरचं वाक्य तो आज पहिल्यांदाच बोलला होता. या वेळेला बाबांच्या दुकानातून मशीनची कटकट ऐकू यायला हवी होती, ती येत नव्हती.

"माझं दुकान आहे, साहेब," बाबा म्हणाले. "शिलाई मशीन दुरुस्तीचं. म्हणजे शटर रोज उघडतो. गिऱ्हाईक येत नाही. मशीन बिघडलं तर लोक नवीन घेतात, नाहीतर शिवणंच सोडून देतात. पण महिना भरला की दुकानाची कमाई बायकोच्या हातात द्यायची, ही आमच्या घरची लग्नापासूनची पद्धत. ती काही मोडवेना. मग कार्डावरून काढायला लागलो. एकदा काढले की पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक येईल, असं वाटायचं."

पोपट रोज त्या दुकानावरून ऑफिसला यायचा. काचेपलीकडे बाबा मशीनवर मान वाकवून बसलेले दिसायचे आणि म्हातारा अजून कामात आहे या समाधानात तो पुढे जायचा. ते मशीन वर्षभर एकच होतं, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. आई तर बाबांनी दिलेले पैसे कधी मोजायचीही नाही. घामाचे पैसे मोजू नयेत, असं तिचं म्हणणं. ती ते तसेच कपाटातल्या डब्यात टाकायची.

"घरी माहीत आहे?" त्याने विचारलं.

"छे. गेल्या महिन्यात त्यातूनच शिल्लक टाकून तिने मला बूट आणले. पायात घालवत नाहीत."

स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका उगवला होता. म्हणजे सुपरवायझर मॅडम फोन ऐकत होत्या. आता मजकुराला धरून राहायला हवं होतं.

"आमच्याकडे दोन कार्डं आहेत, सर. पहिल्यात बाकी हलवायचं शुल्क नाही, पण बिनव्याजी मुदत कमी. दुसऱ्यात मुदत भरपूर, पण हलवतानाच शुल्क आकारलं जातं आणि ते बाकीत मिळवलं जातं."

"तुम्ही कुठलं घेतलं असतं?"

"आम्हाला सल्ला देता येत नाही."

"बरोबर आहे," बाबा समजूतदारपणे म्हणाले. "मुदत जास्त असलेलं बरं. तेवढीच उसंत."

"त्या मुदतीत एक जरी हप्ता चुकला तर सवलत तिथेच संपते. मग पूर्ण बाकीवर व्याज लागतं. आताच्यापेक्षा जास्तच."

हे कलम पोपट एरवी एका दमात म्हणून टाकायचा, ऐकणाऱ्याला खोकला आला तर तेवढ्यात संपायचं. आज त्याने ते शब्दाशब्दाला थांबून म्हटलं. पलीकडे बाबा पेन्सिलीने काहीतरी लिहून घेत होते.

"आणि नव्या कार्डावरून रोख काढता येते ना?"

याचं उत्तर मजकुरात होतं. अवश्य, कधीही, कुठेही. ग्राहकाला हेच ऐकायचं असतं आणि इथेच कार्ड विकलं जातं. पोपटाची नजर फळ्यावर गेली, पिवळ्या ठिपक्यावर गेली.

"येते," तो म्हणाला. "काढू नका."

"काय म्हणालात?"

"काढू नका. काढलेल्या रोखीवर त्याच दिवसापासून व्याज धरतात. बिनव्याजी असते ती फक्त हलवलेली बाकी. एकीकडे फेडाल आणि दुसरीकडे तेवढंच पुन्हा चढेल."

"मग पहिल्या तारखेला घरात काय देऊ?"

याचं उत्तर मजकुरात नव्हतं. आजूबाजूला सगळे बोलत होते, हसत होते, अभिनंदन करत होते, आणि तो कीबोर्डकडे बघत बसला होता. असा प्रश्न विचारायची पाळी बापावर यावी, याची त्याला लाज वाटत होती, आणि ती लाज बाबांची नव्हती, त्याची स्वतःची होती.

"अर्जासाठी शेवटची माहिती," तो कसाबसा म्हणाला. "आपलं मासिक उत्पन्न?"

"खरं सांगायचं का?"

"हो."

"काही नाही."

त्या चौकटीत काही नाही असं लिहिलं तर अर्ज तिथेच अडायचा. लंबू अशा वेळी आपल्या मनाने एखादा गुबगुबीत आकडा टाकायचा, आणि आजवर त्याला कुणी जाब विचारला नव्हता. तसा आकडा टाकला तर बाबांचं व्याज आजपासून थांबणार होतं, फळा भरणार होता, नोकरी पक्की होणार होती. आणि नवं कार्ड खिशात घेऊन बाबा पुढच्या पहिल्या तारखेला पुन्हा पैसे काढायला उभे राहणार होते. पोपटाने बोटं कीबोर्डवर ठेवली. मग उचलली.

"अर्ज मी आत्ता पाठवत नाही, सर," तो म्हणाला. आवाजाची इस्त्री कधीच मोडली होती. "आधी घरच्यांशी बोला. मग फोन करा."

"घरच्यांशीच..." बाबा म्हणाले आणि थांबले. "बरं. तुमचा वेळ घेतला. ठेवतो."

हेडफोन काढेपर्यंत मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काढू नका, हे आपल्या मजकुरात कुठल्या पानावर आहे?"

"नाहीये, मॅडम."

"सुटायच्या वेळी भेटून जा मला."

त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे पोपट जास्तच घाबरला. त्या गेल्यावर लंबूने खुर्ची सरकवत आणली आणि त्याच्या स्क्रीनवरचा नंबर वाचला.

"अरे, हा म्हातारा शेवटी तुझ्या पदरात पडला होय? सकाळपासून डोकं उठवलंय त्याने. मी नमस्कार म्हणायचा अवकाश, माफ करा, चुकून लागला, म्हणतो आणि ठेवून देतो. मला दोनदा लागला. पलीकडच्या ताईंनाही लागला होता. कुणाशीच बोलेना. तुझ्याशी बरा एवढा वेळ बोलला."

पोपटाने स्क्रीन बंद केली, जागेवरून उठला आणि जिन्यात जाऊन स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"बाबा."

"हं."

"मला सरळ का नाही सांगितलंत?"

"समोर बसून जमलं नसतं रे. तुझी कात्री आठवली असती."

"तुमची कात्री होती ती."

"तेच म्हणतो मी. तुझं कार्ड कापणारा मीच ना." पलीकडे शटर खाली ओढल्याचा आवाज आला, बाबा दुकान बंद करत असणार. "तुझी नोकरी तर नाही ना अडचणीत आली?"

"बघू. संध्याकाळी कळेल."

"हं. आईला आज सांगणार आहे. तू शेजारी बसशील?"

"बसतो."

"बोलू नकोस काही. नुसता बस." बाबांचा आवाज आता अगदी लहान झाला होता. "आणि ती मला बोलायला लागली की माझी बाजू घेऊ नकोस."